“उद्यापासून येऊ नको” म्हटलं, मग हिशोबाचे पैसे कसे काढायचे?

आपल्याकडं कामावरून काढायची पद्धत जवळपास सगळीकडं सारखीच आहे. ड्यूटी सुटता सुटता सुपरवायझर नाहीतर ठेकेदाराचा माणूस बाजूला घेते अन् म्हणते, “उद्यापासून येऊ नको, हिशोब नंतर पाहू.” कागद नाही, सही नाही, तारीख नाही. अन् ते ‘नंतर’ काही येत नाही, माणूस चार चकरा मारते, शेठ भेटत नाही, मुनीम म्हणते सोमवारी या, अन् शेवटी कंटाळून दुसरीकडं कामाला लागते. जिनिंगमध्ये हेच, राइस मिलमध्ये हेच, बुटीबोरीच्या कंपनीत ठेकेदाराकडं असलेल्या पोराचं हेच अन् वणीकडं कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराचा डंपर चालवणाऱ्याचंही हेच.

तर ज्याच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली त्याच्यासाठी हे लिहून राहिलो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तुम्हाला काढणं बरोबर का चूक हा भांडणाचा एक विषय आहे, अन् तुम्ही आधीच कमावलेले पैसे हा दुसरा. मालक हे दोन्ही मुद्दाम एकत्र बांधते. “तू काम नीट केलं नाही म्हणून काढलं, मग पैसे कायचे?” असं बोलते. पण काम नीट केलं नाही म्हणून काढलं, चोरीचा आरोप ठेवून काढलं, काहीही कारण असो, जितके दिवस तुम्ही काम केलं तितक्या दिवसांचा पगार तुमचाच आहे. तो काही मालकाचा उपकार नाही.

दोन दिवसांचा नियम

हा नियम आपल्या लोकांना माहीतच नसते. कामावरून काढलं, कमी केलं, तुम्ही स्वतः राजीनामा दिला किंवा कारखानाच बंद पडला, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांच्या आत द्यावा लागते. वेतन संहिता २०१९ च्या कलम १७ मध्ये हे लिहिलेलं आहे अन् ती संहिता बाकीच्या तीन कामगार संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बरं, हे काही पूर्ण नवं नाही. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही मालकानं काढलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पैसे द्या असंच होतं, फक्त पाळत कोणी नव्हतं.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी काढलं अन् रविवारी सुट्टी असली तर मंगळवारपर्यंत पैसे यायला पाहिजे. “पगार सात तारखेलाच होते, तेव्हा ये” हे उत्तर काढलेल्या माणसाला लागू होत नाही. “कंपनीची पॉलिसी ४५ दिवसांची आहे” हेही पगाराच्या बाबतीत चालत नाही, पॉलिसी कायद्याच्या वर नसते.

पायरी १: पहिल्या दोन-तीन दिवसांत करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही, अन् “हे फक्त फॉर्मॅलिटी आहे” म्हणून पुढं केलेल्या छापील कागदावरही नाही. माझ्या मते अर्ध्याहून जास्त केसेस इथंच मरतात. त्या कागदावर बहुतेक वेळा दोनपैकी एक लिहिलेलं असते, एकतर “मी स्वखुशीने राजीनामा देत आहे” नाहीतर “मला सर्व हिशोब मिळाला, यापुढे माझी काही मागणी नाही”. राजीनामा दिला की नोटीस पे (आधी नोटीस न देता काढलं तर त्या बदल्यात द्यायचा पगार) अन् छाटणीची, म्हणजे काम नाही म्हणून कमी केल्याची, भरपाई गेली. हिशोब मिळाला लिहून दिलं की पुढं तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागते की मिळाला नव्हता. लेकराच्या शाळेची फी भरायची आहे, घरी पैसे नाहीत, अन् सही केल्याशिवाय चेक देतच नाहीत असं असलं तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: “फक्त रुपये इतके मिळाले, बाकी हक्क राखून.” तसं लिहू दिलं नाही तर ते कागद काय कामाचे आहेत ते तुम्हाला समजलंच. अन् ज्यावर सही केली त्याचा मोबाइलवर फोटो काढाच.

दुसरं, सांगितलं येऊ नको तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर जा. गेटवर अडवतील, अडवू द्या, पण जा. काऊन की पुढं मालक लेबर ऑफिसात हमखास म्हणते, “आम्ही कुठं काढलं, हाच यायचा बंद झाला.” तोंडी काढलेल्या माणसाविरुद्ध हा सगळ्यात सोपा बचाव आहे अन् लय चालते. तुम्ही गेले होते, आत सोडलं नाही, याचा काहीतरी पुरावा पाहिजे. सोबत एक माणूस न्या, गेटवरून सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा, “साहेब मी ड्यूटीवर आलो आहे, गेटवर थांबवलं आहे, काय करू?” त्यानं उत्तर दिलं तर चांगलं, दोन निळ्या टिका आल्या तरी काहीतरी झालं. भांडण, शिव्या, धक्काबुक्की मात्र नको. तुम्ही हात उचलला की मालकाला आयतं कारण भेटलं, अन् मारामारीचा ठपका ग्रॅच्युइटीपर्यंत (काही वर्षं काम केल्यावर सुटताना भेटणारी एकरकमी रक्कम) जाऊन भिडते, ते पुढं सांगतो.

तिसरं, कागद जमा करणं. नियुक्तीपत्र असलं तर उत्तमच, पण खेड्यापाड्यातल्या दहातल्या आठ लोकांजवळ ते नसते अन् म्हणून ते हात टेकतात. हात टेकायचं काही कारण नाही. बँकेच्या पासबुकात दर महिन्याला त्याच नावानं पैसे आले असतील तर तो पुरावा आहे. पीएफचं पासबुक, ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी विम्याचं) कार्ड, गेटपास, आयकार्ड, ड्रेसवरचं कंपनीचं नाव, हजेरीच्या वहीचा फोटो, ड्यूटी लावलेल्या चार्टचा फोटो, वजनकाट्याच्या पावतीवर तुमची सही, ग्रुपवर आलेले “उद्या सेकंड शिफ्टला ये” असे मेसेज, हे सगळं चालते. काढल्या काढल्या तुम्हाला ग्रुपमधून रिमूव्ह करतात, तर त्याच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉट काढा पण मूळ मेसेज उडवू नका अन् तो फोनही विकू नका, कोर्टात मोबाइलमधला पुरावा द्यायचा म्हणजे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागते अन् तिथं मूळ फोन असलेला बरा.

रोख पगार असणाऱ्यांनी घाबरू नये. पगार, बोनस दिला नाही किंवा कमी दिला अशी तक्रार झाली तर पैसे दिले होते हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे, वेतन संहितेच्या कलम ५९ मध्ये तसं स्पष्टच आहे. तुम्ही तिथं कामाला होते इतकं मात्र तुम्हाला दाखवावं लागते, म्हणून वरची सगळी जमवाजमव.

पायरी २: एक साधं पत्र

वकिलाची नोटीस नंतर पाहू. आधी स्वतःच्या अक्षरात, मराठीत, एक पानाचं पत्र द्या. भाषेची चिंता करू नका. मजकूर असा काहीसा:

“मी आपल्याकडे अमुक तारखेपासून अमुक कामावर आहे. दिनांक … रोजी संध्याकाळी श्री. … यांनी मला तोंडी सांगितले की उद्यापासून कामावर येऊ नये. दिनांक … रोजी सकाळी मी कामावर आलो असता मला गेटवर थांबवण्यात आले. मला कोणतीही लेखी नोटीस किंवा कारण दिलेले नाही. मी काम सोडलेले नाही व कामावर येण्यास तयार आहे. मला कामावर घ्यायचे नसल्यास तसे लेखी कळवावे आणि माझा थकीत पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजेचा पगार, नोटीस पे व इतर देणे कायद्याने ठरलेल्या मुदतीत माझ्या बँक खात्यात जमा करावे.”

खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. दोन प्रती करा. एक हातानं देऊन दुसरीवर शिक्का मागा, नाही देणार, तर पोस्टानं पाठवा. पूर्वी आपण रजिस्टर एडी करायचो, २०२५ मध्ये पोस्टानं ते स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्यामुळं काउंटरवर स्पीड पोस्ट सांगून सोबत डिलिव्हरीचा पुरावा पाहिजे म्हणा. पावती जपून ठेवा, तिच्या नंबरवरून पत्र कधी पोचलं ते निघते. ठेकेदाराकडं असाल तर एक पत्र ठेकेदाराला अन् तेच पत्र मूळ कंपनीलाही. हे विसरू नका, कारण खाली येते.

पायरी ३: नेमके किती पैसे होतात ते स्वतः काढा

लोक लेबर ऑफिसात जातात अन् साहेबानं विचारलं किती बाकी आहे तर म्हणतात, “तुम्हीच पाहा साहेब, जे होते ते द्या.” असं करू नका राजेहो. आकडा घेऊन गेला की समोरचा माणूस सरळ बोलते. एक उदाहरण करून पाहू.

समजा एक गडी ७ वर्षं ४ महिने एका कारखान्यात आहे, पगार १३,००० रुपये महिना, त्यात वेगळे भत्ते नाहीत. २६ दिवसांनी भागलं तर रोज पडला ५०० रुपये. महिन्याच्या मधातच काम नाही म्हणून कमी केलं, नोटीस दिली नाही.

त्या महिन्यात त्याची हजेरी १६ दिवस, झाले ८,००० रुपये. ओव्हरटाइम २४ तास बाकी होता. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असते, सिंगल नाही, हे कितीतरी ठिकाणी लपवून ठेवलेलं असते; तासाचे ६२.५० म्हणजे दुप्पट १२५, २४ तासांचे ३,०००. शिल्लक रजा ११ दिवस, तिचे ५,५००. नोटीस न देता काढलं म्हणून एका महिन्याचा नोटीस पे १३,०००. छाटणीची भरपाई दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, इथं महिन्याचा अर्धा धरतात, म्हणजे ६,५०० गुणिले ७, झाले ४५,५००. अन् ग्रॅच्युइटी, तिच्यात मात्र २६ नं भागायचं असते, १५ दिवसांचे ७,५०० गुणिले ७, झाले ५२,५००.

बेरीज करा: १,२७,५००. पीएफ याच्यात धरलाच नाही. अन् अशा माणसाला मुनीम वीस हजाराचं पाकीट देते अन् म्हणते, “शेठनं माणुसकी म्हणून दिले, सही कर.”

आता यातली एकेक गोष्ट कोणाला लागू होते ते नीट पाहा, सगळ्यांना सगळं भेटत नाही.

राहिलेला पगार अन् ओव्हरटाइम तर पहिल्या दिवसापासूनचाच हक्क. दोन महिने झाले असो का दोन दिवस. वेतन संहितेत ‘कर्मचारी’ म्हणजे हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळे आले. फक्त अप्रेंटिस वेगळा.

नोटीस पे अन् छाटणीची भरपाई यासाठी सलग एक वर्षाची नोकरी पाहिजे. सलग म्हणजे रोज हजेरी असं नाही, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले तरी वर्ष धरतात, खाणीत जमिनीखाली काम असलं तर १९०. आठवडी सुट्टी, पगारी रजा हे दिवस मोजण्यात येतात. हा हक्क ‘कामगारा’ला आहे, मॅनेजरला नाही, अन् सुपरवायझरचं काम करणाऱ्याचा पगार १८,००० च्या वर असला तर त्यालाही नाही. पण पद काय लिहिलं त्याला किंमत नाही, काम काय करता ते पाहतात. कितीतरी कंपन्यांत मशीन चालवणाऱ्या पोराला आयकार्डावर ‘सुपरवायझर’ लिहून ठेवलेलं असते, तो काही सुपरवायझर होत नाही. ज्या कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार आहेत तिथं तर छाटणीला तीन महिन्यांची नोटीस अन् सरकारची परवानगी लागते.

एक वर्ष भरलं नसलं तर नियुक्तीपत्रात नोटीसबद्दल काय लिहिलं ते पाहा. “दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस” असं असलं तर ते मालकालाही बांधते, फक्त तुम्हाला नाही.

चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं असा आरोप ठेवून काढलं असलं तर प्रकार वेगळा. तो छाटणीत येत नाही, बडतर्फीत येते, अन् आरोप सिद्ध झाला तर नोटीस पे अन् भरपाई भेटत नाही. पण त्यासाठी आरोपपत्र, तुमचं म्हणणं, चौकशी हे सगळं व्हायला पाहिजे. नुसतं “तू चोर आहे, चालता हो” म्हणून चौकशी होत नाही. अन् आरोप सिद्ध झाला तरी काम केलेल्या दिवसांचा पगार अन् पीएफ तुमचाच राहते.

ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पाच वर्षं भरल्यावर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एक वर्षावरही हिशेबानं भेटते. मालकानं ३० दिवसांत द्यायची असते. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे वरच्या गड्याचे ७ वर्षं ७ महिने झाले असते तर आठ वर्षांची भेटली असती. काही लोकांना तर बरोबर या हिशेबानंच काढतात, चार वर्षं दहा महिने झाले की काम संपते म्हणे, योगायोगच तो. ग्रॅच्युइटी अडवता येते पण फक्त ठरलेल्या कारणांसाठी: तुमच्या निष्काळजीपणानं नुकसान झालं म्हणून काढलं तर त्या नुकसानीपुरती, अन् हिंसा, दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यासाठी काढलं तर थोडी किंवा सगळी. म्हणून वर सांगितलं, गेटवर हात उचलू नका.

जिनिंगवाल्यांसाठी वेगळं सांगतो. सीझनच्या कारखान्यात कारखाना जितके दिवस चालला त्याच्या किमान ७५ टक्के दिवस तुम्ही काम केलं तर ते सलग नोकरीत धरतात, अन् ग्रॅच्युइटी दर सीझनला ७ दिवसांची असते. दसऱ्यानंतर कापूस आला की बोलावतात अन् उन्हाळा लागला की बंद, म्हणून आपण काही पर्मनंट नाही, आपल्याला काही भेटत नाही असं हिंगणघाटपासून अकोटपर्यंत सगळ्यांना वाटते. तसं नाही.

बोनस लोक विसरूनच जातात. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी त्या वर्षात ३० दिवस जरी काम केलं असलं तरी त्या दिवसांच्या हिशेबानं बोनस लागते, किमान ८.३३ टक्के. दिवाळीच्या तोंडावर काढलं म्हणून मागचा बोनस बुडत नाही. फसवणूक, चोरी, तोडफोड अशा कारणानं काढलं असलं तरच जाते.

पगारातून कापाकापी

हिशोबात मालक शेवटी कापायला लागते. ड्रेसचे पैसे, टोपीचे पैसे, खोलीचं भाडं, पंपावर कॅश कमी आली, पोतं फुटलं, तीन दिवस आला नाही म्हणून सहा दिवसांचा दंड. कापता येते, पण कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठीच, अन् सगळं मिळून एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या वर नाही. दंड म्हणून जास्तीत जास्त ३ टक्के. नुकसान भरून घ्यायचं असलं तर आधी तुम्हाला विचारावं लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागते. गैरहजर होते त्या दिवसांचे कापणं बरोबर, त्याच्या दुप्पट कापणं बरोबर नाही. उचल घेतली असलं तर ती मात्र द्यावी लागते, ती लपवू नका, लेबर ऑफिसात मालक उचलीची वही घेऊनच येते अन् मग तुमची बाकी गोष्टही खोटी वाटायला लागते.

आणखी एक चाल म्हणजे बेसिक कमी दाखवणं. पगार १८,०००, पण स्लिपवर बेसिक ६,००० अन् बाकीचे १२,००० भत्ते, म्हणजे ग्रॅच्युइटी, रजा सगळं ६,००० वर काढतात. वेतन संहितेतल्या पगाराच्या नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूणच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचा. इथं निम्मे ९,०००, भत्ते १२,०००, वरचे ३,००० बेसिकमध्ये आले अन् हिशोब ९,००० वर होईल.

दहावी-बारावीची मूळ मार्कशीट, टीसी, सहीचे कोरे चेक ठेवून घेतले असतील (वसुलीच्या नोकऱ्यांत हा लय प्रकार चालते) तर तेही त्या पत्रात लिहा अन् परत मागा. हिशोबाच्या बदल्यात कागद अडवून ठेवायचा अधिकार कोणाला नाही.

पायरी ४: ठेकेदाराकडं असाल तर

ठेकेदार म्हणते कंपनीनं बिल काढलं नाही, कंपनी म्हणते तू आमचा माणूसच नाही. या दोघांच्या मधात माणूस पिसून जाते. तर ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, ती नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घेईल नाहीतर काय करेल ते तिचं ती पाहील. म्हणून पत्र दोघांनाही, अन् तक्रारीतही दोघांचीही नावं. कंपनीला आपलं नाव तक्रारीत आवडत नाही, बरेचदा तितक्यावरच ठेकेदाराचा फोन येते.

खरी अडचण आहे ती ठेका बदलण्याची. गेट तेच, मशीन तेच, माणूस तोच, पण दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलते अन् नोकरी पुन्हा शून्यापासून मोजतात. पीएफच्या खात्यात पाहा, एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा एकच नंबर) चार-चार मेंबर आयडी दिसतील, म्हणजे दर ठेकेदाराचं वेगळं खातं. दहा वर्षं त्याच गेटच्या आत होतो हे दाखवायला हीच यादी कामी येते, पण सांगून ठेवतो, हे सलग धरून घेणं सोपं नाही, इथं स्वतः अर्ज लिहून भागत नाही. युनियन नाहीतर कामगार कायद्याचा वकील लागते. वकिलाला पैसे नसले तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. औद्योगिक कामगार, बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील द्यायची तरतूद १९८७ च्या कायद्यातच आहे. १५१०० वर फोन केला तरी माहिती देतात.

पायरी ५: तक्रार कुठं अन् कशी

पोलिस स्टेशनला जाऊ नका, ते म्हणतील हा आमचा विषय नाही अन् ते खरंही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्ताचं ऑफिस असते, गावाकडं त्याला लेबर ऑफिसच म्हणतात. कोळसा खाण, रेल्वे, बँक असं असलं, अन् तिथलं ठेकेदाराचं काम असलं तरी, ते केंद्राच्या कामगार खात्याकडं जाते, जिल्ह्याच्या लेबर ऑफिसात नाही. वणी, भद्रावती, उमरेडकडच्या खाणवाल्या पोरांची एक चक्कर इथंच वाया जाते.

अर्ज दोन वेगळे करा, हे महत्त्वाचं. एक अर्ज पैशाचा: इतका पगार, इतका ओव्हरटाइम, इतका बोनस दिला नाही. दुसरा अर्ज काढल्याचा: मला बेकायदेशीर काढलं, परत घ्या किंवा भरपाई द्या. पहिल्याची मुदत तीन वर्षं. अधिकाऱ्याला मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकार आहे, अन् तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणते. दुसऱ्यात आधी समेट करायला बसवतात, अर्ज देऊन ४५ दिवस झाले तरी काही झालं नाही तर सरळ औद्योगिक न्यायाधिकरणात (कामगारांच्या भांडणांचं कोर्ट) जाता येते, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. नोव्हेंबर २०२५ च्या आधी काढलं असलं तर जुन्या कायद्याच्या मुदती पाहाव्या लागतात, तिथं पगाराच्या दाव्याला बाराच महिने होते, त्यामुळं बसून राहू नका.

एकटे जाऊ नका. त्याच वेळी पाच-सहा जणांना काढलं असलं तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालते, युनियनलाही तुमच्या वतीनं करता येते. पाच जणांच्या अर्जाला जी तारीख पडते ती एकट्याच्या अर्जाला पडायला वेळ लागते, हे लिहिलेलं कुठंच नाही पण असंच आहे. अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. प्रत्येक तारखेला जा, मालक नाही आला तरी तुम्ही होते याची नोंद करून घ्या. पेरणीचे दिवस असले तर तारीख पुढची मागून घ्या, पण न सांगता बुडवू नका.

मालक समेटाला तयार झाला तर तो अधिकाऱ्यासमोर, लेखी, आकड्यासकट अन् चेक नंबर किंवा बँकेच्या तपशिलासकट करा. बाहेर चहाच्या टपरीवर ठरवू नका. अन् तुम्हाला पैसे पाहिजे का नोकरी पाहिजे हे घरी बसून आधी ठरवा, कारण सगळा हिशोब घेऊन सही केल्यावर मग परत कामावर घ्या म्हणणं अवघड जाते.

पीएफ अन् ईएसआय

हे पैसे मालकाच्या हातात नाहीत, म्हणून याच्यासाठी त्याच्या पाया पडू नका. यूएएन चालू असलं, आधार-बँक जोडलेलं असलं तर दावा ऑनलाइन होते. मालकानं सोडल्याची तारीखच टाकली नाही म्हणून अडते, तर शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख तुम्हाला स्वतःला टाकता येते. पगारातून पीएफ कापला पण खात्यात भरलाच नाही असं दिसलं तर पीएफ ऑफिसात तक्रार करा, विदर्भात नागपूरला अन् अकोल्याला ऑफिस आहे, हेल्पलाइन १४४७०. नुसतं रागारागात सगळा पीएफ काढून पेन्शनचा भागही काढू नका. दुसरीकडं लागणार असाल तर ट्रान्सफर करा, दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क लागते.

ईएसआय कापत होते तर काम सुटल्यावर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ म्हणून एक आहे, सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. गैरवर्तनासाठी काढलं असलं तर भेटत नाही. बघा, “स्वखुशीने राजीनामा” किंवा “गैरवर्तन” असं त्या एका कागदावर काय लिहिलं जाते त्याचा किती ठिकाणी फटका बसते.

निकाल लागला अन् तरी पैसे नाही दिले तर

असं होते. पगाराच्या दाव्यात आदेश झाला अन् मालकानं भरले नाही तर तुम्ही त्याच्या मागं फिरायचं नसते, अधिकाऱ्याकडून वसुलीचं प्रमाणपत्र कलेक्टरकडं जाते अन् ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे सात-बारावर, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. फक्त ते प्रमाणपत्र आपोआप पुढं सरकत नाही. आदेशाची प्रत घ्या, मुदत संपली की त्याच ऑफिसात “वसुली प्रमाणपत्र काढावे” असा अर्ज द्या, जावक नंबर अन् तारीख लिहून घ्या, अन् मग त्या नंबरवरून कलेक्टर ऑफिसच्या महसूल शाखेत अन् पुढं मालकाची मालमत्ता ज्या तालुक्यात आहे त्या तहसीलमध्ये विचारत राहा.